झोपेचे सोंग

कथाकादंबऱ्यांतील माणसे निजत नाहीत, ही गोष्ट आपल्या कधी लक्षात आली आहे काय? ती प्रेम करितात, भांडतात, आगगाडीने दूरदूरचे प्रवास करितात, प्रसंगी विषही घेतात. पण रात्रीचे दहा वाजले, अंथरूण घातले आणि सकाळी सहापर्यंत निवांत झोप घेतली, एवढी साधी हकीगत सांगण्यासाठी कोणताही लेखक आपला कागद खर्च करीत नाही. ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे तीन शब्द लिहिले, की आठ तासांची वासलात लागली! मनुष्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा असा तीन शब्दांत उरकला जातो. आम्ही सरकारी कारकून लांबलचक टिपणांचा सारांश काढण्यात वाकबगार समजले जातो. पण इतका कसलेला सारांश आमच्यापैकी कोणास साधेल, असे मला वाटत नाही.

झोपेचा हिशेब चोख ठेवणारे एक कथाविश्व मात्र मला अलीकडे आढळले आहे, आणि ते आढळले तेही एका खेळात. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. त्याची जन्मभूमी अमेरिका. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि 1974 साली तो प्रथम प्रसिद्ध झाला. भुयारे, राक्षस, मांत्रिक आणि आग ओकणारे पंखधारी सर्प यांनी त्याचे जग भरलेले असते. पण बुद्धिबळासारखा पट या खेळाला लागतोच असे नाही, आणि त्यात कोणी जिंकत नाही की हरत नाही. चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांच्यापैकी एक सूत्रधार होतो. बाकीचे एकेक सोंग घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग उभा करितो आणि विचारतो, “आता तुम्ही काय करणार?” आपण आपल्या सोंगाला शोभेल असे उत्तर द्यावयाचे, आणि ते साधले की फसले, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरावयाचे. कोकणातील दशावतारी नट लिखित संहितेवाचून रात्रभर संवाद रचीत जातात. त्यांनी सोंगट्यांचे फासेही हाती घेतले, तर जे होईल तेच हे, असे म्हटले तरी चालेल.

दिल्लीच्या दक्षिण भागातील आमच्या सरकारी वसाहतीत दर शनिवारी रात्री हा खेळ रंगतो. सूत्रधार आहे माझा एक मल्याळी सहकारी. नियमांची पुस्तके तो सेवानियमांच्या पुस्तकांइतक्याच भक्तीने वाचतो. शेजारचे पंजाबी गृहस्थ चिलखतधारी योद्धा होतात. लेखापरीक्षेतील एक अविवाहित बंगाली मित्र ‘एल्फ’ होतो. एल्फ म्हणजे पाश्चात्त्य कथांतील दीर्घायुषी वनवासी जात, आपल्या यक्षगंधर्वांची दूरची भावंडे म्हणा. चौथे सोंग पलीकडच्या इमारतीतील एका तमिळ बाईंचे. त्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या पुजारीण आहेत. मी मांत्रिक. “दिवसभर फायली आणि रात्री फासे! धर्मराजाचे पुढे काय झाले ते ठाऊक आहे ना तुम्हांला?” असे आमची सौभाग्यवती चहा पुढे ठेवताना विचारते. पण येथे पणाला काहीच लावावयाचे नसते. निदान आरंभी तरी माझा असाच समज होता.

या खेळातील प्रत्येक पात्राच्या जीवाचा एक आकडा असतो. घाव बसला की तो उतरतो आणि शून्यावर आला की मरण उंबरठ्याशी येऊन बसते. तो पुन्हा चढावयाचा तर औषध हवे, मंत्र हवा, नाही तर विश्रांती हवी. विश्रांती किती घ्यावयाची आणि तिचे फळ किती मिळावयाचे, याचे नियम 1974 सालच्या पहिल्या पुस्तिकांपासून लिहिलेले आहेत आणि ते पहिले नियम चांगलेच कडक होते. भुयारात दर तासाला दहा मिनिटे निश्चल बसून विसावा घेतलाच पाहिजे. शत्रूपुढून पळावे लागले असेल, तर त्याच्या दुप्पट. जखमी पात्राने पहिला दिवस पूर्ण विश्रांती घेतली, तरी त्याच्या पदरात काहीच पडत नसे. त्यानंतर एक दिवसाआड जीवाचा एकेक गुण परत येई. वीस गुणांची जखम भरून यावयास महिना उलटून जाई. ज्यांनी दीर्घ आजार पाहिला आहे, त्यांना या हिशेबात काही अवास्तव वाटणार नाही.

मांत्रिकाची गोष्ट आणखी निराळी. त्याने एक मंत्र उच्चारला की तो त्याच्या स्मरणातून पुसला जातो. ही कल्पना जॅक व्हान्स या अमेरिकन कथालेखकाकडून घेतलेली आहे. ‘द डाइंग अर्थ’ हे त्याचे पुस्तक 1950 साली निघाले होते. गेलेला मंत्र परत मिळवावयाचा तर आधी झोप घ्यावयाची आणि मग पोथी उघडून पाठांतर करावयाचे. 1979 साली निघालेल्या सूत्रधाराच्या ग्रंथात याचे कोष्टकच आहे. पहिल्यादुसऱ्या पायरीच्या साध्या मंत्रांसाठी चार तासांची विश्रांती पुरे. नवव्या पायरीच्या महामंत्रासाठी बारा तास पाहिजेत. काम जेवढे मोठे, तेवढी त्याआधीची झोप मोठी! हे कोष्टक मी प्रथम वाचले तेव्हा ते आमच्या खात्याच्या सूचनाफलकावर लावावे, असे फार मनात आले. पण सूचनाफलकावर काय लावावयाचे, याचेही नियम आहेत. असो.

पुढे काळ बदलला तसे हे नियमही सैल झाले. 2008 सालच्या आवृत्तीत पाच मिनिटांचा विसावा आणि सहा तासांची मोठी विश्रांती आली. 2014 सालच्या आवृत्तीने लहान विश्रांती एका तासाची आणि मोठी आठ तासांची ठरवली. मोठी विश्रांती पुरी झाली, की जीवाचा आकडा पूर्ववत भरलाच. सायंकाळी मरणाच्या दारातून परतलेला योद्धा सकाळी ताजातवाना! महिन्याचे काम एका रात्रीत होऊ लागले. खेळाडूंना घाई असते. आठवड्यातून एकदा तीन तास खेळावयास मिळतात, त्यांत महिनाभर अंथरुणावर पडून राहण्याची हौस कोणास असणार? ज्यांना जुनी मंदगती हवी, त्यांच्यासाठी सूत्रधाराच्या ग्रंथात एक पर्याय दिला आहे: आठ तासांची झोप म्हणजे केवळ लहान विश्रांती, आणि मोठी विश्रांती हवी तर पुरते सात दिवस. आमच्या सूत्रधाराने तो पर्याय एकदा सुचवून पाहिला. योद्ध्याने तत्काळ विचारले, “हे सात दिवस किरकोळ रजेत धरणार की अर्जित?”

विश्रांती अशी स्वस्त झाली की माणसे तिचा लोभ धरितात. मांत्रिक पहिल्याच झुंजीत आपले सगळे मंत्र उधळून टाकतो आणि पाव तासात म्हणतो, “आता निजू या.” भुयारात पंधरा मिनिटे पराक्रम आणि उरलेला दिवस झोप, असा विचित्र दिनक्रम सुरू होतो. जगभरच्या सूत्रधारांची ही जुनी डोकेदुखी आहे. नियमांनी तिच्यावर दोन औषधे योजिली आहेत. एक, चोवीस तासांत मोठी विश्रांती एकदाच फळास येते. दुपारी पुन्हा लवंडलात तरी लाभ शून्य. दुसरे, तिच्यात तासभर चालणे, लढणे किंवा मंत्रप्रयोग यांचा व्यत्यय आला, तर सारी रात्र फुकट. पहिल्यापासून आरंभ करावयाचा. अवेळी उठवल्या गेलेल्या कुंभकर्णाचे पुढे काय झाले, हे रामायणाच्या वाचकाला सांगावयास नको. पण चांगला सूत्रधार या दोन्हींपेक्षा तिसरे औषध अधिक वापरतो. तो झोपू देतो. फक्त तुम्ही निजलेले असताना जग थांबत नाही, एवढे तो दाखवितो. कैदी दुसरीकडे हलविले जातात, पुराचे पाणी चढते, शत्रू दरवाजे बंद करून घेतो. सुटीवरून परतल्यावर टेबलावर फायलींचा जो डोंगर दिसतो, तोच हा नियम.

भुयारात तर सूर्यही नसतो. मग रात्र झाली हे ठरवावयाचे कोणी? या प्रश्नाचे एक खरेखुरे उत्तर विज्ञानाच्या इतिहासात आहे. 1938 साली शिकागो विद्यापीठातील निद्राशास्त्रज्ञ नाथानिएल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण सहकारी ब्रूस रिचर्डसन हे केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या अफाट गुहेत बत्तीस दिवस राहिले. सूर्य दिसत नसेल तर माणसाचा दिवस चोवीस तासांऐवजी अठ्ठावीस तासांचा करता येईल काय, हे त्यांना पाहावयाचे होते. तरुण रिचर्डसनचे शरीर त्या नव्या दिवसाला सरावले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमनचे शरीर काही केल्या ऐकेना. ते आपले जुन्याच घड्याळाप्रमाणे पेंगत राहिले आणि जागे होत राहिले. चोवीस तासांत एकच मोठी विश्रांती, हा खेळातील नियम लहरी नाही, हे मला ही हकीगत वाचल्यावर पटले. झोप उसनी आणता येत नाही आणि साठवूनही ठेवता येत नाही.

पण या साऱ्या नियमांत मला जो सर्वांत मोलाचा वाटतो, तो वरवर पाहता फार क्षुल्लक आहे. मोठ्या विश्रांतीचे तास आठ. त्यांपैकी निदान सहा तास झोप पाहिजे. उरलेल्या दोन तासांत हलके काम केले तरी चालते: बोलावे, खावे, वाचावे, किंवा पहारा करावा. आता हिशेब करून पाहा. चार सोबती असतील आणि प्रत्येकाने दोन तास पहारा केला, तर चार दुणे आठ. रात्र पुरी झाली आणि प्रत्येकाची सहा तास झोपही झाली. तिघे असतील तर दोन तास उघडे पडतात. दोघांची तर अर्धी रात्र वैऱ्याची. आणि एकट्याने जावयाचे म्हटले, तर कितीही शूर असो, त्याला निर्धास्त झोप नाही. म्हणजे या नियमाने कोठेही मोठा शब्द न वापरता सांगून टाकले आहे, की झोप ही एकट्याच्या मालकीची वस्तूच नव्हे. ती सोबत्यांनी दिलेली असते. आपण निजतो ते कोणाच्या तरी जागरणावर.

आपल्या महाभारतकारांना हे पुरेपूर ठाऊक होते. लाक्षागृहातून निसटल्यावर वनात पाणी आणावयास गेलेला भीम परत येऊन पाहतो, तो आई आणि चारी भाऊ वडाखाली जमिनीवर निजलेले. तो त्यांना उठवीत नाही. रात्रभर जागत बसतो. गदा घेऊन केलेल्या त्याच्या साऱ्या पराक्रमांपेक्षा मला हे जागरण मोठे वाटते. युद्धाच्या चौदाव्या रात्री दोन्ही सैन्ये झोपेने आंधळी झाली, तेव्हा चंद्र उगवेपर्यंत सर्वांनी रणांगणातच विसावा घ्यावा, असे अर्जुनाने सांगितले; आणि शत्रूपक्षाच्या सैनिकांनीही त्याला दुवा दिला. त्याच युद्धाच्या अखेरच्या रात्री अश्वत्थामा निजलेल्या शिबिरात शिरला, आणि ते पाप त्याला चिरंजीव करूनही फिटले नाही. उभ्या शत्रूवर केलेला घाव क्षम्य. निजलेल्यावर केलेला मात्र नाही. कारण निजलेला माणूस विश्वासाने निजलेला असतो.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे महाभारतातून शिकावे लागत नाही. आमच्या वऱ्हाडात ज्वारी हुरड्यावर आली, की शेतावर जागलीला जावे लागे. मचाणावर घोंगडी पांघरून बसावयाचे, आणि पाखरांनी नव्हे तर रानडुकरांनी पीक आडवे करू नये म्हणून रात्रभर मधूनमधून हाळी घालावयाची. आमचे बाबा वर्षानुवर्षे जागलीला जात. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या लांबून त्यांची हाळी ऐकू आली, की मी कूस बदलून पुन्हा निजत असे. ती हाळी डुकरांसाठी होती. पण तिने झोप लागे ती आम्हांला.

खेळातही पहाऱ्याचे दोन तास मला सर्वांत आवडतात. दिवसा सारे लढण्यात गुंतलेले. बोलावयास सवड नसते. रात्री शेकोटीशी एक जण जागा असतो, दुसऱ्याची झोप चाळवते, आणि दोघे हळू आवाजात बोलू लागतात. चिलखतधारी योद्ध्याने आपण गाव का सोडले ते अशाच एका पहाऱ्यावर मांत्रिकाला सांगितले. आणि सांगता सांगता त्या योद्ध्याच्या तोंडून आमचे पंजाबी शेजारी केव्हा बोलू लागले, ते कोणासच कळले नाही. हे गृहस्थ आपल्या योद्ध्याला झोपेतही चिलखत उतरू देत नाहीत. 2017 साली निघालेल्या एका पूरक ग्रंथात यावर एक ऐच्छिक नियम आहे: जड चिलखतासह निजणाऱ्याचा थकवा रात्रभराच्या झोपेनेही उतरत नाही. सूत्रधाराने तो वाचून दाखविला, तेव्हा उशाशी फोन ठेवून निजणारे आम्ही सगळेच अंमळ गप्प झालो.

आणि आता एल्फविषयी. या जातीला झोप लागत नाही. चार तास ध्यानस्थ बसले, की माणसाला आठ तासांच्या निद्रेने मिळते ते त्यांना मिळते. त्यामुळे रात्र पडली आणि सूत्रधाराने “पहारा कसा?” असे विचारले, की आमच्या मंडळींचे बोट आपोआप एल्फकडे वळे. “त्याला काय, त्याला झोप कमीच लागते!” बंगाली मित्रही हसून मान्य करी. कचेरीत सणावाराची ड्युटी अविवाहित म्हणून त्याच्याच वाट्याला येते. तेथेही तो असाच हसून मान्य करितो. पण हे वाक्य मला कोठेतरी फार पूर्वीपासून ऐकल्यासारखे वाटे. कोठे, ते गेल्या श्रावणात उमगले.

श्रावणात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. अकरा दिवस ते रुग्णालयात होते. घरी पाठविताना डॉक्टरांनी सांगितले, की त्यांना स्वतःहून वळता येत नाही; तेव्हा दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली पाहिजे, रात्रीसुद्धा. नाही तर पाठीला जखमा होतील आणि त्या आजारापेक्षा भारी पडतील. घरी दादा, वहिनी आणि आई. दादाची शाळा, वहिनींचे दिवसभराचे घरकाम. तेव्हा रात्र आईने आपल्याकडे घेतली. कोणी तिला सांगितले नाही आणि तिनेही कोणाला विचारले नाही. मी वीस दिवसांची अर्जित रजा टाकून पोहोचलो, तेव्हा तिच्या एकटीच्या अशा नऊ रात्री झालेल्या होत्या. भेटावयास आलेल्या एका आजींनी कौतुकाने म्हटले, “तिचं काय बाई, तिला पहिल्यापासून झोप कमीच लागते!”

तेच वाक्य होते. प्रत्येक घरात कोणाला तरी असे एल्फ ठरविलेले असते. तिला झोप कमी लागते, तिला भूक नसते, तिला सवय आहे. घरातील सर्वांच्या अगोदर उठणारी आणि सर्वांच्या नंतर निजणारी जी व्यक्ती, तिच्या शरीराची रचनाच निराळी असावी, असा सोयीस्कर समज आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जतन केला आहे. खेळात निदान तसा नियम छापलेला तरी आहे. माणसांच्या घरात एल्फ जन्माला येत नाहीत; ते नेमले जातात.

त्या दिवशी अकोल्याहून ताईही आली. रात्रीच्या जेवणानंतर मी एका पाठकोऱ्या कागदावर चार रेघा ओढल्या. दहा ते बारा दादा. बारा ते दोन मी. दोन ते चार ताई. चार ते सहा वहिनी. चार दुणे आठ. दोनदोन तासांच्या पाळीत दोनदा तपासणी आणि एकदा कूस बदलणे. म्हणजे डॉक्टरांचा नियमही साधला आणि प्रत्येकाला सहा तास झोपही मिळाली. “भाऊजी, हे तुम्ही सरकारात शिकलात का?” वहिनींनी विचारले. कोठे शिकलो ते सांगण्याच्या भरीस मी पडलो नाही. सर्वांत अवघड दोन ते चारचा पहारा ताईने आपण होऊन मागून घेतला. आईचे नाव कागदावर नव्हते. तिने तो कागद दोनदा वाचला आणि विचारले, “अन् मी काय करू?” दादा म्हणाला, “तू नीज.”

ही आज्ञा पाळणे तिला फार जड गेले. पहिल्या रात्री माझ्या पाळीत मी बाबांची कूस बदलली, तेव्हा पलीकडच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून स्वस्थ पडली होती. श्वासही संथ होता. पण बाबा किंचित कण्हले, तसा तो श्वास थांबला. ती जागी होती. आम्हांला वाईट वाटू नये म्हणून निजल्याचे दाखवीत होती. दुसऱ्या रात्रीही तेच. झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण त्याला झोपविणे त्याहून कठीण, हे म्हणीत कोणी सांगून ठेवलेले नाही. शनिवारच्या टेबलावर आम्ही घेतो तेही झोपेचेच सोंग. पण तेथे “सकाळ झाली” असे सूत्रधाराने म्हटले, की सगळ्यांचा थकवा उतरतो. येथे सूत्रधार कोणी नव्हता.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास मला पलीकडच्या खोलीतून बारीक आवाज आला. मी दाराशी जाऊन ऐकले. आई घोरत होती. बाबांचेही डोळे उघडे होते आणि तेही कान देऊन ऐकत होते. त्यांची वाचा त्या दिवसांत जड झाली होती. त्यांनी डाव्या हाताचे बोट ओठांवर ठेवले आणि मला गप्प राहण्याची खूण केली. ज्यांनी आयुष्यभर जागली केल्या, त्यांनी अंथरुणाला खिळून असताना त्या रात्री बायकोच्या झोपेवर पहारा केला. आम्ही दोघे तिच्या घोरण्याचा आवाज बराच वेळ ऐकत बसलो. ती सकाळी सात वाजता उठली आणि सडा टाकावयास उशीर झाला, म्हणून सगळ्यांवर चिडली.

खेळाच्या नियमांत एक बारकावा आहे. तो मला तेव्हापासून खरा वाटू लागला. एका रात्रीच्या विश्रांतीने जखमा साऱ्या भरून येतात, परंतु थकवा तसा जात नाही. 2014 सालच्या नियमांत थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर साध्या कामातही चूक होऊ लागते, दुसरीवर पाय जड होतात, पाचवीवर हालचालच थांबते, आणि सहावी पायरी म्हणजे मृत्यू. आणि एका रात्रीच्या पूर्ण विश्रांतीने एकच पायरी उतरावयास मिळते, तीही पोटात अन्नपाणी गेले असेल तर. आईच्या पायऱ्या आम्ही मोजल्या नाहीत. पण माझी रजा संपत आली, तेव्हा ती पुन्हा स्वयंपाकघरातून मोठ्याने हाका मारू लागली होती, एवढे मी पाहिले.

आमच्या नोकरीत विश्रांतीचा हिशेब निराळ्या रीतीने होतो. वर्षाला तीस दिवसांची अर्जित रजा जमा होते. पंधरा जानेवारीत, पंधरा जुलैत. ती न घेता साठवीत गेले, तर तीनशे दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीच्या वेळी तिचे पैसे मिळतात. आपल्यापैकी कितीतरी जण हा साठा मोठ्या अभिमानाने सांगतात. मलाही तो प्रिय आहे. पण न घेतलेली झोप निवृत्तीच्या दिवशी कोणी रोखीने देत नाही. त्या वीस दिवसांनी माझ्या खात्यातून वीसचा आकडा वजा झाला; त्याच्या बदल्यात एका घरात चौथा पहारेकरी उभा राहिला.

मी दिल्लीला परतल्यावर घरचे दोन तास उघडे पडले. ते दादाने आणि ताईने वाटून घेतले. पुढे ताई अकोल्याला गेली, तोवर बाबांना स्वतःच्या बळावर कुशीवर वळता येऊ लागले होते. आता ते काठी टेकीत अंगणापर्यंत जातात. दादाचा संदेश रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास फोनवर येतो: “रात्र बरी गेली.” एवढेच तीन शब्द. कथाकादंबऱ्यांतील ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ यापेक्षा हे तीन शब्द मला अधिक भरीव वाटतात; कारण त्यांच्या मागे कोणीतरी रात्र मोजलेली असते. आपण गाव सोडून हजार-हजार किलोमीटरांवर नोकऱ्या करणारी माणसे. येथे आपण दिवे मालवून निजतो, तेव्हा तेथे कोणाचा पहारा चालू आहे, हे वर्षातून एकदा तरी कागदावर रेघा ओढून पाहावे, एवढेच माझे सांगणे आहे. कागदावर ज्याचे नाव नाही आणि तरीही जो जागा आहे, त्याचा शोध त्यात लागतो.

शनिवारचा खेळ चालू आहे. मात्र सूत्रधाराने “पहारा कसा?” असे विचारल्यावर एल्फकडे कोणी बोट दाखवीत नाही. आम्ही आपसांत एक नियम ठरविला आहे. तो कोणत्याही आवृत्तीच्या पुस्तकात नाही. चौघांचे दोनदोन तास, जातपात न पाहता. “पण मला खरोखरच झोप लागत नाही!” असे बंगाली मित्राने पहिल्या दिवशी नियमावर बोट ठेवून सांगितले. आमच्या पुजारीणबाईंनी फासे गोळा करता करता त्याला उत्तर दिले, “नसेल लागत. तरी तू पडून राहा. आम्ही जागे आहोत.”